ध्येयवाक्य भिंतीवर लावण्याआधी या चुका टाळा

"काका, कर्जाच्या फाइलला मिशन स्टेटमेंट जोडायचंय. संध्याकाळपर्यंत दोन ओळी लिहून द्या ना." सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माझा टॉवेलचा कारखाना आहे, त्यामुळे नव्याने चार माग टाकलेली मुलं असे फोन करतात. मी असं ध्येयवाक्य लिहून देत नाही. ज्या दोन ओळींसाठी उद्या खिशातून पैसे जाणार आहेत, त्या संध्याकाळपर्यंत दुसऱ्या कुणाकडून कशा लिहून घेता येतील? मुलं हुशार आहेत, कष्टाळू आहेत. फक्त या एका कामात त्यांना घाई असते आणि सगळे त्याच चुका करतात.

पहिली चूक नेटवरून उचललेल्या शब्दांची. "दर्जेदार उत्पादने, ग्राहकांचे समाधान आणि सचोटी." ही ओळ शेंगाचटणीच्या पाकिटावर छापा, युनिफॉर्म शिवणाऱ्याच्या दुकानात लावा, नाहीतर माझ्या कारखान्यात. कुठेही खपते, म्हणजे ती कुणाचीच नाही. शेजाऱ्याच्या पाटीवर शोभेल ते वाक्य मी खोडतो.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे, म्हणून ती सविस्तर सांगतो. मोडलं तरी कळणार नाही असं वाक्य लिहायचं नाही. आमच्या भिंतीवर तेव्हा "उत्तम माल, योग्य भाव" असं होतं. दिवाळी तोंडावर होती, माग रिकामे होते, आणि बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याने चारशे डझनांची ऑर्डर आणली. ३० बाय ६० इंचांचा टॉवेल, लेबलवर ४०० जीएसएम (म्हणजे एका चौरस मीटरला ४०० ग्रॅम वजन), पण भाव असा की ३५० च्या वर सूत घालणं परवडत नव्हतं. मी हो म्हटलं. पाइल, म्हणजे टॉवेलवरचे धाग्याचे फासे, थोडी आखूड ठेवली. त्या मापाचा ४०० जीएसएमचा टॉवेल साधारण ४६५ ग्रॅम भरायला हवा, आमचा ४०६ भरत होता. टॉवेलमागे ५८ ग्रॅम हाताला कळत नाहीत. चारशे डझनांत मात्र पावणेतीनशे किलोंहून जास्त सूत वाचलं.

त्याच लॉटमधले काही डझन पॅकिंगमध्ये मिसळून आमच्या जुन्या गिऱ्हाइकाकडे गेले. त्यांचं लॉज होतं आणि अकरा वर्षं ते आमच्याकडूनच माल घेत होते. त्यांनी टॉवेल काट्यावर ठेवला आणि फोन केला. आवाज चढवला नाही. "तुमचा माल कधी मोजावा लागेल असं वाटलं नव्हतं," एवढंच म्हणाले. पुन्हा ऑर्डर आली नाही. त्या रात्री मी भिंतीवरचं वाक्य वाचत बसलो होतो. वाक्याला ओरखडाही गेला नव्हता, कारण माल "उत्तम" नाही हे ठरवणार कसं?

आता तिथे असं आहे: "लेबलवरचं वजन काट्यावर भरेल. पाच टक्क्यांहून जास्त तूट आली तर माल आमच्या खर्चाने परत." पाच टक्क्यांची सवलत पळवाट म्हणून ठेवलेली नाही. सुती धागा हवेतला ओलावा धरतो, त्यामुळे मे महिन्यातल्या सोलापूरच्या कोरड्या उन्हात आणि श्रावणात एकाच टॉवेलचं वजन वेगळं येतं. आपल्या मालाची अशी खोड माहीत असल्याशिवाय वचन लिहू नये. पाटी मी ऑफिसातून काढली आणि पॅकिंगच्या काट्याशेजारी लावली.

तिसरी चूक भाषेची. सोलापुरात मागावर तेलुगू बोलली जाते, शिलाईत कन्नड, उर्दू, मराठी सगळं चालतं, आणि वाक्य मात्र चकचकीत इंग्रजीत, पाहुण्यांना दिसावं म्हणून. ज्यांच्या हातून ते पाळलं जाणार त्यांना वाचताच येत नाही. मी प्रत्येक खात्यात जाऊन तोंडी सांगितलं, जिथे माझी तेलुगू अडली तिथे जॉबरने, म्हणजे मागांवरच्या मुकादमाने, सांगितलं. तेव्हा हेमिंगवरच्या (टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या) एका मावशींनी विचारलं, "मालक, खराब पीस बाजूला काढला तर त्याची मजुरी कोण देणार?"

मला उत्तर देता आलं नाही. मजुरी डझनावर होती. म्हणजे वाक्य सांगत होतं खराब माल थांबवा, आणि पगार सांगत होता जाऊ द्या. माणूस पगाराचंच ऐकणार, त्यात त्याचा दोष काय? तेव्हापासून बाजूला काढलेल्या पीसची मजुरी पूर्ण मिळते. पहिले दोन महिने बाजूचा ढीग बघून पोटात गोळा यायचा. पण ते पीस आधी गिऱ्हाइकाकडे जात होते, हेही त्या ढिगानेच दाखवलं.

गिऱ्हाईक, कामगार आणि नफा यांत ओढाताण झाली तर आधी कोण, हे न लिहिणं ही चौथी चूक. जॉन्सन अँड जॉन्सन या अमेरिकन कंपनीने १९४३ मध्ये लिहिलेल्या 'क्रेडो'त, म्हणजे तिच्या तत्त्वांच्या पत्रकात, माल वापरणारे पहिले आणि भागधारक शेवटी, असा क्रमच आहे. १९८२ मध्ये शिकागो परिसरात कुणीतरी टायलेनॉल या तिच्या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये सायनाइड मिसळलं आणि सात जण गेले, तेव्हा कंपनीने सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या बाजारातून परत मागवल्या. आपला धंदा चार मागांचा असला तरी क्रम लागतोच.

बाकीच्या चुका थोडक्यात. घोषवाक्य म्हणजे ध्येयवाक्य नव्हे, ते जाहिरातीत ठेवा. दोनच्या वर वाक्यं नकोत. "जागतिक दर्जा" लिहू नका. आणि बाहेरून आणलेल्या मालावर "सोलापुरी" लिहू नका. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव इथे बनलेल्या मालाचंच. ते नाव इथल्या विणकरांनी कमावलं आहे, ते एकट्या मालकाचं नाही.

वाक्य पाळलं जातंय की नाही हे बघायची माझी पद्धत एकच. खंडेनवमीला मागांची पूजा झाली की पाटी मोठ्याने वाचायची आणि वर्षभरात ती कुठे मोडली हे प्रत्येकाला विचारायचं. मालकाने आधी स्वतःचं सांगायचं, नाहीतर कुणी बोलत नाही. मागच्या वेळी पॅकिंगमधल्या मुलाने तीन प्रसंग सांगितले. दोन दुरुस्त झाले. तिसरा ओलसर माल गाठीत बांधण्याचा होता, त्यासाठी शेडची पश्चिमेची भिंत या पावसाळ्याआधी गळती काढून घ्यायची आहे.