जुनी गाडी गरम होते तेव्हा: कूलिंग सिस्टिमची तपासणी आणि निगा

घोडबंदर रस्त्यावर संध्याकाळी सातच्या सुमारास माजिवड्याहून गायमुखकडे निघालेल्या जुन्या गाडीची जी परीक्षा होते, ती गाडी विकत घेताना क्वचितच होते; कारण आधी ती अर्धा तास जागच्या जागी रखडते आणि मग लगेच गायमुखच्या चढाला लागते. गाडी थांबलेल्या वाहतुकीत गरम होते, चढावर होते, की सकाळी सोसायटीच्या फाटकाबाहेर पडताच होते, एवढे मेकॅनिकला नेमके सांगता आले तर निम्मे निदान तिथेच होते आणि विनाकारण रेडिएटर (कूलंट थंड करणारी जाळी) बदलण्याचा खर्च टळतो.

तपासणीची सुरुवात गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर, इंजिन पूर्ण थंड असताना करावी. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये, कारण आतला कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, दाबाखाली असल्यामुळे शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच दाब उतरतो आणि कूलंट वाफेसह अंगावर उसळतो. अनेक नव्या गाड्यांत रेडिएटरला झाकणच नसते, कूलंटच्या टाकीवर असते; त्यालाही हाच नियम लागू आहे.

झाकण उघडल्यावर पातळीइतकाच रंगही पाहावा. कूलंट हिरवा, लाल किंवा निळा असला तरी स्वच्छ आणि पारदर्शक असायला हवा. तो गंजासारखा तपकिरी दिसला, तर आधीच्या मालकाने वर्षानुवर्षे नळाचे, बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी ओतले आहे असे समजावे. गीझरमध्ये साचतो तसाच क्षारांचा थर मग रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. (गळती थांबवण्यासाठी रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा जुना उपाय ट्रकवाल्यांना घाटातून बाहेर पडायला उपयोगी पडला असेल, पण आपल्या गाडीत हळदीचा गाळ सापडला, तर विक्रेत्याशी किमतीबद्दल पुन्हा बोलावे.) त्यानंतर इंजिन ऑइलचे झाकण उघडावे. आत दुधाळ लगदा दिसला तर हेड गॅस्केटचा (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा भाग यांमधल्या सीलचा) संशय घ्यावा, मात्र पावसाळ्यात जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत झाकणाखाली ओलाव्यामुळेही पांढरट साय जमते. डिपस्टिकवरचे (ऑइल मोजण्याच्या पट्टीवरचे) ऑइल स्वच्छ असेल आणि कूलंटची पातळी घटत नसेल, तर घाबरण्याचे कारण नाही.

पातळी दर आठवड्याला कमी होत असेल, तर रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवावा. एसीचे पाणी रंगहीन आणि वासहीन असते. कूलंट रंगीत, बोटांना बुळबुळीत लागणारा आणि गोडसर वासाचा असतो. होज पाइपांच्या क्लिपांभोवती पांढरी किंवा हिरवट पापडी दिसते का, पाइप दाबल्यावर कडक किंवा फुगलेला लागतो का, आणि ज्याला मेकॅनिक ‘वॉटर बॉडी’ म्हणतात त्या वॉटर पंपाखाली ओघळ आहे का, हे टॉर्च धरून पाहावे. डॅशबोर्डखालची चटई ओली होऊन केबिनमध्ये तोच गोड वास येत असेल, तर गळती हीटरच्या आतल्या रेडिएटरची असते.

आता रेडिएटरचा पंखा. गाडी फक्त ट्रॅफिकमध्ये गरम होत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर तापमानाचा काटा खाली येत असेल, तर दोष बहुधा पंख्याचाच असतो, कारण वेगात असताना समोरचा वारा त्याचे काम करून टाकतो. इंजिन चालू ठेवून एसी लावावा. बहुतेक गाड्यांत पंखा लगेच फिरू लागतो. मग एसी बंद करून तापमान साधारण 95 ते 100 अंशांवर पोहोचल्यावर तो आपोआप सुरू होतो का ते पाहावे. नसेल तर आधी फ्यूज, मग रिले (पंख्याला वीज जोडणारा स्विच), मग सेन्सर आणि शेवटी मोटर असे स्वस्ताकडून महागाकडे जावे.

याउलट गाडी चढावर किंवा वेगात गरम होत असेल, तर रेडिएटर तुंबलेला असण्याची शक्यता मोठी. मेट्रोच्या कामाच्या धुळीने बाहेरच्या जाळ्या भरतात. त्या इंजिनाच्या बाजूकडून बाहेरच्या दिशेने, साध्या पाइपच्या हलक्या धारेने धुवाव्यात. सर्व्हिस सेंटरमधल्या जोरदार फवाऱ्याने पातळ पाती वाकतात.

गाडी सुरू केल्यावर थोड्याच वेळात काटा चढला आणि इंजिन तापूनही वरचा होज पाइप थंडच राहिला, तर थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारी झडप) बंद अवस्थेत अडकला आहे. तो काढून, पुन्हा स्वयंपाकात न वापरायच्या भांड्यात दोऱ्याने टांगून पाणी तापवले, की चांगला थर्मोस्टॅट साधारण 82 ते 88 अंशांना उघडताना डोळ्यांनी दिसतो. अनेक गॅरेजांत मात्र “काढूनच टाका, आपल्याकडे गरज नाही” असा सल्ला मिळतो. माझ्या गाडीतला थर्मोस्टॅट असाच, मला न विचारता, काढला गेला होता. जानेवारीतल्या एका सकाळी ठाण्याहून निघून भांडुप आले तरी इंजिन थंड असल्याचा डॅशबोर्डवरचा निळा दिवा विझेना, तेव्हा ते लक्षात आले. थंड इंजिन पेट्रोल जास्त पिते आणि लवकर झिजते, म्हणून हा सल्ला मी चुकीचाच मानतो.

जुन्या गाडीचा इतिहास ठाऊक नसेल, तर कूलंट घेतल्याबरोबर बदलावा. त्याचा प्रकार मॅन्युअलमध्ये पाहून ठरवावा, रंगावरून नव्हे, कारण रंगाला कोणतेही प्रमाण नाही. कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मे डिस्टिल्ड वॉटर मिसळावे. ‘रेडी टू यूज’ असेल तर पाणी अजिबात घालू नये. काढलेला कूलंट विषारी आणि चवीला गोड असतो, त्यामुळे पार्किंगमधल्या कुत्र्या-मांजरांपासून आणि मुलांपासून तो दूर, बंद डब्यात ठेवावा.

भरल्यानंतर आत हवा अडकू नये म्हणून बेसमेंटच्या रॅम्पवर गाडीचे नाक वर करून, हँडब्रेक लावून आणि चाकांना दगड देऊन उभी करावी. हीटर पूर्ण गरमवर ठेवावा, झाकण उघडे ठेवून हळूहळू भरत इंजिन सुरू करावे, बुडबुडे थांबेपर्यंत पातळी राखावी आणि झाकण लावून पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत थांबावे. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर पातळी पुन्हा पाहावी. ती जवळजवळ नेहमीच थोडी उतरलेली असते.

कसारा घाटात काटा नेहमीपेक्षा वर सरकू लागला, तर एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर चालू करावा आणि सुरक्षित जागा शोधावी. लाल दिवा लागला, तर मात्र गॅरेज एका वळणावर असले तरी तिथेच इंजिन बंद करून टोइंगची गाडी बोलवावी, कारण ॲल्युमिनियमचे हेड तेवढ्या अंतरातही वाकू शकते.