‘अँथम्स इन ईडन’ पहिल्यांदा ऐकताय? मग असं करा

शर्ली आणि डॉली कॉलिन्स, इंग्लंडमधल्या ससेक्सच्या या दोघी फोक (लोकसंगीत) कलाकार बहिणींचा, दोघींच्या नावाने निघालेला हा पहिला अल्बम, १९६९ चा, हार्वेस्ट या रेकॉर्ड लेबलचा. नंतर तो परत परत निघालाय, त्यामुळे घेताना आधी ट्रॅकलिस्ट बघा. १९७६ च्या ‘अमरँथ’ अल्बममध्ये या रेकॉर्डची फक्त पहिली बाजू आहे, बाकी गाणी वेगळी, म्हणजे तो घेऊन हा मिळाला असं समजू नका.

शफल बंद करा, हे सगळ्यात महत्त्वाचं! पहिली बाजू म्हणजे जवळपास अर्ध्या तासाची एकच सलग गोष्ट आहे, खेड्यातलं प्रेम, मग ताटातूट, मग पहिल्या महायुद्धाने रिकामी केलेली गावं, मधूनच उडी मारलीत तर काहीच हाती लागणार नाही.

पहिल्या वेळी नुसता शर्लीचा आवाज ऐका, एकदम साधा, हरकती-मुरक्या शोधत बसू नका, नाहीयेत. दुसऱ्यांदा हेडफोन लावा आणि डॉलीच्या अरेंजमेंटकडे लक्ष द्या: सोबतीला जुन्या युरोपीय वाद्यांचा जाणकार डेव्हिड मन्रो याची मंडळी आहेत आणि क्रमहॉर्न नावाचं जुनं वाद्य भुंग्यासारखं गुणगुणतं, गिटारवाल्या फोकची सवय असेल तर सुरुवातीला जरा विचित्रच वाटेल. दुसरी बाजू सुट्ट्या गाण्यांची आहे, ती कधीही ऐका.