घडी घाला, चित्र काढा: अतिवास्तववाद्यांचा खेळ

एक कोरा ए-फोर कागद, एक पेन्सिल आणि तीन माणसं एवढं पुरे. चित्रकला येत नसेल तर उत्तमच.

हा खेळ १९२५च्या सुमारास पॅरिसमध्ये आंद्रे ब्रेताँ, इव्ह तांगी, जाक प्रेव्हेर वगैरे अतिवास्तववादी (सर्रिअलिस्ट) कवी-चित्रकार मंडळींनी सुरू केला. पहिलं महायुद्ध पाहिलेली ही पिढी. शहाण्यासुरत्या युरोपनेच तो नरसंहार घडवला, म्हणून शहाणपणावरच त्यांचा राग. बुद्धीचा पहारा उठवून जे मनात येतं ते उमटू द्या, असं ब्रेताँ अतिवास्तववादाच्या १९२४च्या जाहीरनाम्यात सांगत होता.

आधी शब्दांनी हात मोकळा करा. तिघांनी आळीपाळीने विशेषण, नाम, विशेषण, नाम आणि क्रियापद लिहायचं. आपला शब्द लिहिला की घडी घालून झाकायचा. मराठीत लिंग आणि विभक्ती शेवटी जुळवून घ्यावी लागते, तेवढी सूट घ्या. ‘ओलं पंचांग लाजऱ्या कुकरला शिव्या देतं’ असलं काहीतरी हाती येईल. पॅरिसमधलं पहिलं वाक्य होतं, ‘देखणं प्रेत नवी वाइन पिईल’. त्यावरूनच खेळाला ‘देखणं प्रेत’ हे नाव पडलं.

आता चित्र. कागदाला आडव्या दोन घड्या घालून तीन भाग पाडा. पहिल्याने डोकं काढायचं आणि मानेच्या दोन रेषा घडीखाली अर्धा सेंटिमीटर उतरवायच्या. तेवढ्या टोकांवरून दुसऱ्याने धड, तिसऱ्याने पाय. डोक्याच्या जागी किटली चालेल. प्रत्येकाला तीनच मिनिटं द्या, जास्त वेळ मिळाला की माणूस हुशारी करू लागतो. मुद्दाम विनोदी काढणाऱ्याचा भाग हमखास सगळ्यात फिका निघतो, असं माझं मत.

उलगडल्यावर सही कोणी करायची? कोणीच नाही. मला खरं बंड इथे दिसतं: चित्र एकट्या प्रतिभावंताचं, हा समजच त्या घडीत मोडतो. हाताला मोकळं सोडायची ही वृत्ती पुढे न्यूयॉर्कला पोचली. कलेचा उगम नेणिवेत असतो ही या युरोपीय कलावंतांची कल्पना आपल्याला भावली, असं अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉकने १९४४ मध्ये सांगितलं. तीन वर्षांनी तो जमिनीवर कॅनव्हास पसरून रंग ओघळवू लागला.

एकटेच असाल तर अतिवास्तववादी चित्रकार मॅक्स अर्न्स्टची युक्ती करा. खडबडीत सागाच्या फळीवर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी घासा. उमटलेल्या रेषांना लगेच नाव देऊ नका. आधी कागद चारही बाजूंनी फिरवून बघा.