वेळापत्रक आखण्यापूर्वी अपुरे साधन ओळखा

कामांचे वेळापत्रक आखण्यापूर्वी कोणते साधन सर्वांत अपुरे आहे, हे निश्चित करावे. कारण पद्धतीची निवड त्यावरच अवलंबून असते.

बांधकामात कामे एकमेकांवर अवलंबून असल्यामुळे 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात विकसित झालेली क्रिटिकल पाथ पद्धत उपयोगी पडते. प्रत्येक कामाचा कालावधी आणि त्याआधी पूर्ण व्हावी लागणारी कामे लिहून काढावीत आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंतची सर्वांत लांब साखळी शोधावी. त्या साखळीतील कामाला एक दिवस उशीर झाला, तर संपूर्ण प्रकल्प एक दिवसाने लांबतो. इतर कामांना मात्र थोडी सवड असते, आणि एकाच क्रेनवर दोन कामांचा हक्क येतो तेव्हा सवड असलेलेच काम पुढे ढकलावे. ही सवड कोणी वापरायची, हे आधीच लेखी ठरवावे, अन्यथा प्रत्येक कंत्राटदार ती आपलीच समजतो.

कारखान्यात सर्व कामे दोन यंत्रांवरून एकाच क्रमाने जात असतील, तर 1954 मधील जॉन्सनचा नियम वापरावा: अजून क्रमात न बसवलेल्या कामांना दोन्ही यंत्रांवर लागणाऱ्या वेळांपैकी सर्वांत कमी वेळ पहिल्या यंत्रावरचा असल्यास ते काम शक्य तितके आधी, दुसऱ्या यंत्रावरचा असल्यास शक्य तितके शेवटी ठेवावे.

रुग्णालयात अनिश्चितता मोठी असते. एका सेवाकेंद्राच्या मूलभूत रांग-प्रारूपानुसार, म्हणजे रांगेतील प्रतीक्षेच्या गणिती मांडणीनुसार, क्षमतेचा वापर 80 वरून 90 टक्क्यांवर गेला, की सरासरी प्रतीक्षा दुपटीहून अधिक होते. म्हणून तातडीच्या शस्त्रक्रियांसाठी काही वेळ मुद्दाम मोकळा ठेवावा; त्याला अपव्यय म्हणणे मला सर्वस्वी चुकीचे वाटते.