सर्व्हरला मेमरी मिळेना? आधी नाही कोण म्हणतंय ते शोधा

लातूरकडं सोयाबीनची आवक वाढली की आडतीच्या हिशोबाचा लिनक्स सर्व्हर नेमका सौद्याच्या वेळेला बसतो आणि पहिला सल्ला मिळतो, ‘रॅम टाका.’ घाई करू नका. मेमरी नाकारणारे तिघं असतात: कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा), त्याच्या सेटिंगमधली मर्यादा आणि खुद्द तुमचं सॉफ्टवेअर. नवी रॅम बहुतेक वेळा पहिल्यालाच लागू पडते.

डीमेसेज -टी (कर्नलच्या नोंदी दाखवणारी कमांड, टी कॅपिटल) चालवा. ‘आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस’ दिसलं तर प्रोसेस कर्नलनं मारली. कंटेनर (सॉफ्टवेअर वेगळं ठेवून चालवायचा कप्पा) अशा वेळी १३७ कोड देऊन बंद पडतो (१२८ अधिक ९; ९ म्हणजे सिगकिल, प्रोसेस जागीच मारायचा सिग्नल). ओळीत ‘मेमरी सीग्रुप’ असेल, तर कंटेनरची मर्यादा भरली. मशीनवर रॅम शिल्लकही असेल. आणि जो मेला तोच चोर असं समजू नका. कर्नल सहसा सर्वांत जास्त मेमरी धरून बसलेल्याला उचलतो. त्यात मायएसक्यूएल हा डेटाबेस जातो, पीएचपीचे वर्कर (वेबवरची कामं उरकणाऱ्या प्रोसेस) सुटतात.

मग वर्कर मोजा. ४ जीबीच्या मशीनवर बफर पूलला (डेटाबेस डेटा जिथं हाताशी ठेवतो ती मेमरी) १ जीबी, सिस्टिम आणि डेटाबेसच्या बाकी गरजांना १ जीबी सोडलं, तर उरतात २०४८ एमबी. एक वर्कर ६० एमबी खात असेल तर ३४ बसतात. पीएम.मॅक्स_चिल्ड्रन (एका वेळी जास्तीत जास्त किती वर्कर, ते सेटिंग) ३० ठेवा. ५० ठेवलं तर एरवी निभावतं, गर्दीच्या दिवशी नाही.

डीमेसेज कोरं आहे, पण लॉगमध्ये ‘कॅनॉट अलोकेट मेमरी’ (एरर १२) येतंय? मग व्हीएम.ओव्हरकमिट_मेमरी हे कर्नलचं सेटिंग पहा. लिनक्स एरवी टँकरवाल्यासारखा असतो: सगळे एकाच वेळी हंडे घेऊन येणार नाहीत, या भरवशावर टाकीपेक्षा जास्त पाणी कबूल करतो. या सेटिंगची किंमत २ असेल तर तो तोलूनमापूनच शब्द देतो, आणि मूळ सेटिंगप्रमाणे माप असतं स्वॅप (मेमरी म्हणून वापरलेली डिस्कवरची जागा) अधिक निम्मी रॅम. स्वॅप नसलेल्या ४ जीबीच्या मशीनवर २ जीबीच्या आसपासच नकार सुरू होतो. मेमइन्फो या फाइलमध्ये कमिटेड_एएस (कबूल केलेली मेमरी) हा आकडा कमिटलिमिटला (कबुलीची मर्यादा) टेकलेला दिसतो. किंमत ० करा किंवा स्वॅप वाढवा. तिथं काही नसेल तर व्हीएम.मॅक्स_मॅप_काउंट (एका प्रोसेसला मेमरीचे किती तुकडे, ती मर्यादा) तपासा, कित्येक मशीनवर ते ६५५३० असतं आणि इलॅस्टिकसर्च या शोध-सॉफ्टवेअरला किमान २६२१४४ लागतं.

‘१३४२१७७२८ बाइट्स एक्झॉस्टेड’ हे पीएचपीच्या स्वतःच्या १२८ एमबी मर्यादेचं बोलणं आहे. ती वाढवण्याआधी अख्खं टेबल एका दमात वाचणारा रिपोर्ट शोधा. जावा ‘नेटिव्ह थ्रेड’ची तक्रार करत असेल तर बहुधा थ्रेडच्या (प्रोसेसमध्ये एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) संख्येची मर्यादा आडवी आलेली असते.

मेमरीच्या गळतीचा (वापरून झालेली मेमरी न सोडण्याचा) संशय असेल तर दर ५ मिनिटांनी आरएसएस (प्रोसेसनं प्रत्यक्ष धरलेली रॅम) नोंदवा. रात्री आकडा उतरला नाही म्हणून घाबरू नका, मोकळी झालेली मेमरी प्रोसेस लगेच परत करतेच असं नाही. काम तेवढंच असून रोजचा उच्चांक कालच्यापेक्षा वर जात असेल, तर मात्र कोड उघडा.