किरायाच्या खोलीचे फोटो: देताना आणि परत घेताना

आमच्या दर्यापूर भागात खोली किरायाने घेणारा माणूस बहुतेक बदलीवर आलेला असतो. गुरुजी, ग्रामसेवक, नाहीतर बँकेतला कारकून. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्याआधी चौकशीचे फोन सुरू होतात. एवढ्या उन्हात कोणी दिवसभर एसटीत बसून यावं आणि मोरी पाहूनच परत फिरावं, हे मला पाहवत नाही. म्हणून येण्याआधी त्याला सगळं दिसेल असे फोटो पाठवते.

फोटो सकाळीच काढा. दुपारी खिडकीतून नुसता पांढरा झोत येतो आणि खोली काळी पडते. खिडकी पाठीशी घ्या, फ्लॅश बंद ठेवा, कॅमेऱ्याची काच सुती कापडाने पुसा. कोपऱ्यात उभं राहून फोन छातीच्या उंचीवर सरळ धरा. कॅमेऱ्यातल्या ०.५ वर, म्हणजे वाइड लेन्सवर, काढू नका. दहा बाय दहाची खोली हॉलसारखी दिसते आणि माणूस पलंग घेऊन आल्यावर फसतो.

आपल्याकडे पहिला प्रश्न कूलरचा. खिडकी बाहेरून काढा, स्टँड दिसलं पाहिजे. मग आतून, प्लगसकट. छताचाही एक फोटो हवा, कारण टिन आहे की स्लॅब यावर मे महिना कसा जाणार ते ठरतं. दुसरा प्रश्न पाण्याचा. हा खारपाणपट्टा आहे, बोअरचं पाणी खारट. नळयोजनेची तोटी आणि बोअरची तोटी एकाच फोटोत घ्या, आणि पिण्याचं पाणी कोणतं ते खाली लिहा. बोअरच्या तोटीवर पांढरा थर चढलेला असेल तर तो घासून लपवू नका, तसाच दिसू द्या.

चावी देताना किरायेदाराला सोबत घेऊन पुन्हा फोटो काढा: प्रत्येक भिंत, बाथरूमच्या दाराचा खालचा भाग, स्विचबोर्ड, विजेच्या मीटरचा नंबर आणि रीडिंग. त्याच दिवशी ते त्याला व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधे पाठवले तर फोटो दाबून लहान केला जातो आणि त्यातली मूळ तारीख-वेळही निघून जाते. करार मात्र वेगळा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत लागतो, नोंदणीची जबाबदारी घरमालकाची.

भिंतीच्या तड्यांवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. काळी माती उन्हाळ्यात आटते, पावसात फुगते. पाया हलतो, तडे उघडतात आणि मिटतात. तड्याला मोजपट्टी लावून एकदा मेमध्ये आणि एकदा पाऊस सरल्यावर त्याच जागेवरून फोटो काढा. तडा वाढतोय का ते गवंड्याला दाखवता येतं. शिवाय मातीने पाडलेल्या तड्याचे पैसे किरायेदाराच्या डिपॉझिटमधून कापले जात नाहीत. हे कापणारे घरमालक मी पाहिले आहेत, आणि मला त्याचा राग येतो.

खोलीत कोणी राहत असताना नवीन जाहिरातीचे फोटो त्याला विचारूनच काढा. वाळत घातलेले कपडे, देवघर, मुलांची दप्तरं फोटोत येऊ देऊ नका. शक्य असेल तर त्याने सामान हलवल्यावर, झाडून-पुसून झाल्यावरच फोन हातात घ्या.