एडीएचडी: ‘मुद्दाम करतोय’ म्हणण्याआधी या चुका टाळा

माझ्यासमोर येऊन बसणाऱ्या बहुतेक पालकांचं पहिलं वाक्य एकच असतं. “मॅडम, ह्याला सगळं कळतंय, पण करत नाही.” यातला पहिला भाग खरा आहे. रांगेत ढकलायचं नाही, बाई शिकवताना मधे बोलायचं नाही, दप्तर रात्रीच भरून ठेवायचं, हे नियम मुलाला विचारा, तो धडाधडा सांगेल. कळलेलं ऐन वेळी करायचं असतं तिथं त्याचं अडतं. एडीएचडीतली, म्हणजे लक्षावर आणि स्वतःवर ताबा ठेवणं जड जाणाऱ्या अवस्थेतली, बहुतेक वागणूक याच जागी जन्माला येते. ही एक गोष्ट घरातल्यांच्या डोक्यात बसली की पुढची निम्मी भांडणं थांबतात, आणि ती बसत नाही म्हणून काही चुका घरोघरी, पेठ असो की कॉलनी, त्याच क्रमानं होत राहतात.

‘मोबाईलवर दोन तास हलत नाही, मग अभ्यासालाच काय होतं?’

हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की आता मी आधी याच्यावरच बोलते. एडीएचडीत लक्ष कमी असतं, हा समजच चुकीचा आहे. लक्ष असतं, पण कुठं लावायचं आणि कुठून काढायचं यावरचा ताबा कच्चा असतो. हा ताबा कपाळामागच्या मेंदूच्या भागाचं काम. तिथल्या कामकाजात डोपामिन आणि नॉरॲड्रेनॅलिन या रसायनांचा मोठा वाटा असतो, आणि या मुलांमध्ये ती यंत्रणा वेगळी चालते. गेममध्ये दर दोन-चार सेकंदाला काहीतरी मिळतं, गुण, आवाज, पुढची पातळी. गणिताच्या वहीत जे मिळायचं ते पुढच्या आठवड्यात, तेही मिळालं तर. लांबच्या फळासाठी आत्ता जोर लावणं हेच तर या मुलांना सगळ्यांत जड जातं.

कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतलं एक कुटुंब माझ्याकडं आलं होतं. मुलगा चौथीत. डायरीत लाल पेनाचे शेरे, जागेवर बसत नाही, गृहपाठ अपूर्ण, शेजारच्याला त्रास. शिस्त लागावी म्हणून वडिलांनी त्याला तालमीत घातलं. तिथं पोरगं एकदम वेगळं. पहाटे उठायला तयार, वस्तादांचं सगळं ऐकणार. वडिलांनी यावरून काढलेला निष्कर्ष असा: “तिथं धाक हाय मॅडम. घरात धाक नाही, म्हणून घरात असं.” मग त्यांनी घरातही धाक सुरू केला. हात उचलायला लागले. थोड्याच दिवसांत मुलगा खोटं बोलू लागला. गृहपाठ दिलाच नाही म्हणायचा, डायरी हरवली म्हणायचा. ती डायरी आईला गव्हाच्या पिंपामागं सापडली. वडील म्हणाले, आता तर चोरी-लबाडीही शिकला.

मी त्यांना एवढंच सांगितलं की एक दिवस तालमीत कडेला उभे राहा, आणि वस्ताद तुमच्या मुलाशी नेमकं काय करतात ते बघून या. माणूस मनानं चांगला, गेले आणि नीट बघून आले. वस्ताद एका वेळी एकच गोष्ट सांगतात. “पाय मागं घे.” मुलगा घेतो. चुकलं की तिथल्या तिथं हातानं पाय सरकवून देतात, जमलं की पाठीवर थाप. पुढची गोष्ट त्यानंतर. सगळा वेळ अंग हलतं आहे. वस्ताद दोन हातांच्या अंतरावर उभे आहेत. आवाज चढवलेला त्यांना त्या दिवशी एकदाही ऐकू आला नाही.

घरी काय चालायचं? स्वयंपाकघरातून एक हाक: “बूट काढ, हातपाय धू, डबा सिंकमध्ये टाक, आणि वही काढून बस.” चार कामं एका दमात. सांगितलेलं डोक्यात धरून ठेवायची जी जागा असते, कार्यरत स्मृती, ती या मुलांमध्ये बहुधा तोकडी असते. त्याला पहिलं काम आठवायचं, जमलं तर शेवटचं. मधली दोन गळाली की ‘मुद्दाम करतोय’. आणि मार बसणार हे ठाऊक झाल्यावर डायरी लपवणं हा नऊ-दहा वर्षांच्या जिवाला सुचलेला मार्ग होता. ती लबाडी नव्हती, भीती होती.

पुढं वडील दुकानातून आल्यावर स्वतः शेजारी बसू लागले. एक गणित, मग दाखव, मग उठून पाण्याचा तांब्या भरून आण, मग दुसरं. शाळेतले शेरे पूर्ण थांबले नाहीत, आजही अधूनमधून येतात. पण खोटं बोलणं आधी थांबलं, आणि माझ्या मते ते जास्त महत्त्वाचं होतं.

माझी सवय सांगते, पद्धत म्हणा हवं तर. मुलाला हाक लांबून मारायची नाही. जवळ जायचं, खांद्यावर हात ठेवायचा, एक काम सांगायचं, त्याच्याकडून ते परत म्हणून घ्यायचं. कंटाळवाणं आहे, वेळ खातं. पण यापेक्षा झटपट काही सांगा म्हणणाऱ्या पालकांना माझ्याकडं देण्यासारखं दुसरं काही नाही. आठ दिवस करून ‘उपयोग नाही’ म्हणणाऱ्यांना तर मी स्पष्टच सांगते, आठ दिवसांत तालमीत लंगोटही नीट बांधता येत नाही.

‘आईनं लाडावलं’

ही चूक मला सगळ्यांत जास्त लागते, कारण तिची शिक्षा घरातली एकच व्यक्ती भोगते. सासू म्हणते, आमच्यात असं कुणी नव्हतं. आत्या म्हणते, एकुलता एक ना. आई मान खाली घालून बसते आणि हळूहळू तिलाही ते पटायला लागतं.

जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांतून दिसतं की एडीएचडी कुणात असतो आणि कुणात नसतो, या फरकाचा 70 ते 80 टक्के भाग अनुवंशिक आहे. बाकीच्यात वेळेआधी जन्म, जन्माचं कमी वजन, गरोदरपणात तंबाखूशी संपर्क, शिशाचा संपर्क अशा गोष्टी येतात. लाड त्यात नाहीत. घरातल्या वागण्यानं त्रास वाढतो किंवा कमी होतो हे खरं, तालमीतल्या मुलाचं तेच झालं. पण मूळ तिथं नाही. मी वडिलांना मुद्दाम विचारते, “तुम्ही शाळेत कसे होता?” बऱ्याचदा उत्तर हसत येतं, “मी? मी तर खिडकीतून पळायचो.” बायको त्यांच्याकडं वळून बघते, आणि त्यानंतर बोलणं वेगळ्या सुरात होतं.

2007 साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी मुलांच्या मेंदूचे स्कॅन वर्षानुवर्षं घेऊन एक गोष्ट दाखवली. मेंदूच्या बाहेरच्या थराचे निम्मे भाग पूर्ण जाडी गाठतात ते वय इतर मुलांत साधारण साडेसात, एडीएचडी असलेल्यांत साधारण साडेदहा. सर्वांत जास्त उशीर कपाळामागच्या भागात. म्हणजे दहा वर्षांच्या मुलाकडून स्वतःला आवरण्याच्या बाबतीत आपण अनेकदा सात वर्षांच्या मुलाएवढी अपेक्षा धरली तर चालेल. बुद्धीच्या बाबतीत नव्हे, हे लक्षात ठेवा. या मुलांना बावळट समजून बोलणारे नातेवाईक मी पाहिले आहेत, आणि ती मुलं सगळं ऐकत असतात.

इंटरनेटवरची चाचणी देऊन शिक्का मारणं

करू नका. निदानासाठी लक्षणं किमान सहा महिने हवीत, बाराव्या वर्षाच्या आधीपासून हवीत, आणि घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी हवीत. फक्त एकाच बाईंच्या तासाला होत असेल तर आधी त्या तासाकडं बघा. शिवाय असंच दिसणारं दुसरं बरंच काही असतं. ऐकू कमी येणं, चष्म्याचा नंबर, नाकामागची ॲडिनॉइड ग्रंथी वाढल्यानं रात्रभर घोरणं, लोह कमी असणं, थायरॉइड, काही सेकंद शून्यात बघण्याचे फिटचे झटके, अक्षरं वाचायलाच न जमणं, घरातली भांडणं. हे आधी तपासायला हवं. बालरोगतज्ज्ञांपासून सुरुवात करा. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातही मानसोपचार विभाग आहे. तिथं जायची लाज वाटायचं कारण नाही.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

गूळ-साखर बंद करणं: दातांसाठी जरूर करा, पण साखरेमुळं मुलं चंचल होत नाहीत, हे 1995 सालच्या चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात दिसलं आहे.

मुलगी शांत बसते म्हणून सोडून देणं: तिचं मन वर्गाबाहेर असतं, आणि ती नववीत जाईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

‘मोठा झाला की सुधारेल’: उड्या मारणं बहुधा कमी होतं, विसरणं आणि अर्धवट सोडणं पुष्कळांत मोठेपणीही राहतं.

शाळा, मग ट्यूशन, मग स्कॉलरशिपचे जादा तास: सहा ते बारा वर्षांच्या मुलाला 9 ते 12 तास झोप लागते. ती कापून अभ्यास वाढवला की दुसऱ्या दिवशीचा ताबाही जातो.

भावाशी तुलना: बंद करा.

औषधाबद्दल दोन्ही टोकं

एक टोक म्हणजे बुद्धी वाढवणारी सिरपं. जाहिरात बघून आणलेल्या बाटलीनं एडीएचडी जात नाही, आणि त्यात गेलेले महिने परत मिळत नाहीत. दुसरं टोक म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून चौथ्या दिवशी बंद करणं. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी आधी पालकांना प्रशिक्षण देतात. त्यापुढं गरज असेल तर मिथाइलफेनिडेटसारखं औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. त्यानं भूक मंदावू शकते, झोप उशिरा लागू शकते, म्हणून वजन-उंचीची नोंद ठेवतात. त्रास वाटला तर डॉक्टरांना फोन करा, मात्रा बदलता येते. शेजाऱ्यांना विचारू नका.

आणि तपासणीला जाताना तक्रारींची यादी नेऊ नका. दोन आठवडे एक साधी वही ठेवा. प्रत्येक प्रसंगाला तीन गोष्टी लिहा: आधी काय चाललं होतं, मुलानं काय केलं, त्यानंतर तुम्ही काय केलं. ‘संध्याकाळी सात, क्लासहून आला, काही खाल्लं नव्हतं, गेम मधेच बंद करायला लावला, रिमोट फेकला, मी ओरडले.’ एवढं पुरे. शाळेतल्या बाईंनाही तशाच चार ओळी लिहायला सांगा. ‘फार हट्टी आहे’ या वाक्यावर डॉक्टरांना काही करता येत नाही, या नोंदीवर येतं.